टेलरचाचा आणि बावीस फूट आतडं

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका हमालानं मला गप्प केलं. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मी त्याला आजार समजावून सांगायला बसले होते. पुण्यात शिकलेली, कोरी करकरीत डॉक्टर. इंग्रजी शब्द रुग्णाच्या तोंडावर फेकायचे नाहीत, शुद्ध मराठीत सांगायचं, असा माझा निश्चय होता. म्हणून मी सुरुवात केली, “हे बघा, तुमच्या उदरभित्तिकेचे स्नायू कमकुवत झाल्यामुळे आंत्राचा काही भाग...”

त्यानं हात वर केला. “ऱ्हाऊ द्या बाईसाहेब. टेलरनं सांगितलंय समदं. पोटाचं कापड एका जागी विरलंय, त्यातनं आतडं बाहेर डोकावतंय. आतडं आत ढकलायचं आन् कापड रफू करायचं. मग तीन म्हयनं पोतं उचलायचं न्हाई. बरोबर का न्हाई?”

बरोबर होतं. मी पाच मिनिटं घेतली असती आणि त्याच्या निम्मंसुद्धा त्याच्यापर्यंत पोचलं नसतं.

“कोण टेलर?” मी सिस्टरना विचारलं. त्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवलं.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. कोल्हापुरातला तो एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना. ओपीडीच्या व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळाशेजारी लिननरूम होती. तिथं एक पायमशीन, चादरींचे गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांमध्ये बसलेले टेलरचाचा. ऑपरेशनच्या चादरी, रुग्णांचे अंगरखे, हात गळ्यात अडकवायच्या झोळ्या, मच्छरदाण्या हे सगळं तेच शिवत. पन्नाशीचा उंच, शिडशिडीत माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात मापाची टेप. ती टेप लांबून स्टेथोस्कोपसारखी दिसे आणि नवखे लोक त्यांनाच डॉक्टर समजून जीभ काढून दाखवत. चाचा ती जीभ शांतपणे बघत आणि म्हणत, “जीभ ब्येस हाय. आता ती घिऊन आत डॉक्टरकडं जावा.”

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेला माणूस नळावर पाणी प्यायला थांबायचा आणि तिथंच चाचांच्या तावडीत सापडायचा. “काय सांगितलं डॉक्टरनी?” त्याला काहीच सांगता यायचं नाही. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजी, तोंडावर भीती. मग चाचा मशीन थांबवून खुंटीवरचं जाकीट काढत.

ते जाकीट मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. खाकी कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट आणि त्याला पुढून हुक आणि काजांनी अडकवलेले अवयव. बँडवाल्यांच्या गणवेशातून उरलेल्या लालभडक मखमलीचं यकृत. स्पंजाची दोन फुप्फुसं, त्यांना दुपदरी अस्तर. रेक्झिनचे दोन गुर्दे. पट्टेरी पायजम्याच्या कापडाचं लहान आतडं, आणि ते पुढं मोजून बावीस फूट झालं. मी त्यांना पुस्तकातला आकडा सांगितल्यावर त्यांनी आधीचं पंधरा फुटांचं उसवून त्याला सात फुटांचा जोड दिला. पित्ताशय म्हणजे पान-सुपारीची छोटी चंची, आणि तिच्यात खडे म्हणून शर्टाची बटणं. चंची कानाशी हलवून ते विचारत, “आवाज येतोय? हेच तुमचं दुखणं.”

जाकीट अंगात घालून ते रुग्णासमोर उभे राहत आणि एकेक अवयव उघडून दाखवत. छातीत जळजळ होणाऱ्याला जठराची पिशवी दाखवायची. “ही बगा. हिच्या तोंडाला नाडी हाय, लेंग्याच्या नेफ्यात असती तशी. ती सैल झाली की खालचं आंबट वर येतं. जेवून लगीच आडवं हुतासा?”

“व्हय.”

“मग पिशवी आडवी केल्यावर आमटी सांडणारच की!”

अल्सर म्हणजे अस्तराला पडलेलं भोक. वरचं कापड शाबूत आहे. प्लुरसी म्हणजे फुप्फुसाच्या दोन अस्तरांमध्ये पाणी साचलंय. गुडघ्याची झीज म्हणजे कॉलरच्या आतलं बुक्रम मऊ पडलंय. औषधाबद्दल मात्र ते अक्षर काढत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “औषध डॉक्टरला इचारा. मी निस्ता नकाशा दावतो.”

आणि नकाशा चुकू नये म्हणून ते रोज दुपारी एक वाजता, ओपीडी संपली की माझ्या दारात उभे राहत. खडूनं कापडाच्या तुकड्यावर दिवसभरात ऐकलेले शब्द लिहिलेले असत.

“बाईसाहेब, आज ह्यो एक नवा घावला. पॅनक्रियास.”

“स्वादुपिंड,” मी अभिमानानं म्हणाले.

“हे काय पक्वान्न हाय?”

मी इंग्रजी सांगितलं की ते खडूनं लिहून घेत; शुद्ध मराठी सांगितलं की खडू खाली ठेवत. त्यांना हवी असायची फक्त चार उत्तरं, आणि ती ते बोटांवर मोजून मागत. “राहतंय कुटं? शेजारी कोण? काम काय करतंय? आन् संपावर गेलं तर काय हुतंय?” या चार प्रश्नांची उत्तरं देताना माझी इतकी दमछाक व्हायची, की परीक्षेतली तोंडी बरी म्हणायची. प्लीहा संपावर गेली तर काय होतं, हे मला रात्रीत पुस्तक उघडून वाचावं लागलं. गाव जिला पानथरी म्हणतं ती हीच, हे मात्र मला चाचांनीच सांगितलं.

ते चुकतही. मी रुजू झाले तेव्हा जाकीट नवंच होतं आणि त्यांनी यकृत डाव्या बाजूला लावलं होतं. समोरून बघताना जी बाजू उजवी वाटली तिकडं लावलं, आणि जाकीट अंगात घातल्यावर ती डावी झाली. आठ दिवस कुणाच्या, माझ्यासुद्धा, लक्षात आलं नाही. मग गुडघा दाखवायला एक मटणवाला आला. जाकिटाकडे नुसतं बघून म्हणाला, “पावणं, काळीज उलट्या बाजूला लावलंसा.”

“काळीज डावीकडंच असतंय,” चाचा म्हणाले. छातीवर हात ठेवून दाखवलंसुद्धा.

“ते हृदय. काळीज उजवीकडं, बरगडीच्या खाली. तीस वर्षं कापतोय मी!”

दोघंही माझ्याकडे निवाड्याला आले. मटणवाला जिंकला. चाचांनी त्याच्यादेखत यकृत उसवून उजवीकडं लावलं, पण त्यांचं डोकं दुसरीकडंच चाललं होतं. “म्हंजे बाईसाहेब, काळीज म्हंजे लिव्हर?”

“हो.”

“आन् लोक म्हणत्यात, काळजावर घाव बसला, काळजाचा तुकडा, काळीज चिरलं... ते समदं लिव्हर?”

“तसं पाहिलं तर...”

चाचा मशीनवर डोकं टेकून हसले. त्यानंतर आठवडाभर जो भेटेल त्याला ही बातमी त्यांनी दिली. माझ्या कानावर आलं की घरी बायकोलाही ते ‘माझ्या लिव्हरचा तुकडा’ म्हणून हाक मारू लागले होते आणि तिनं दोन दिवस चहा दिला नव्हता.

चाचा मुळात लग्नाचे सूट शिवणारे. शहरात त्यांचं चांगलं चालणारं दुकान होतं. त्यांनाच हर्निया झाला, तेव्हा याच दवाखान्यातून ते दोनदा पळून गेले होते. सर्जननी सांगितलेल्या इंग्रजी वाक्यातला ‘कट’ एवढा एकच शब्द त्यांना कळला होता; आतडं कापून टाकणार अशी त्यांची समजूत. तिसऱ्या खेपेला सर्जननी वैतागून रुमालाला भोक पाडलं, त्यातून बोट बाहेर काढलं आणि म्हणाले, “हे असं झालंय. हे मी शिवणार.” चाचा म्हणाले, “मग असं सांगा की राव! हे तर माझंच काम.” आणि हसत हसत टेबलावर जाऊन झोपले. बरे झाल्यावर दुकान भावाच्या हवाली केलं आणि लिननरूमची नोकरी मागायला आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “सूट शिवला की नवरदेव आरशात बघतो, आन् जातो. हितं माणूस माझ्याकडं बघून जातो.”

ते सर्जन, म्हणजे आमचे मोठे सर, भयंकर तापट. आम्ही सगळे त्यांना चळचळा कापायचो. पण घरी जाणारा प्रत्येक ऑपरेशनचा रुग्ण लिननरूमपाशी थांबून सदरा वर करून चाचांना शिवण दाखवायचा. चाचा चष्मा पुसून टाके निरखायचे आणि शेरा द्यायचे. “सुबक.” किंवा, “एक टाका जरा घाईत पडलाय.” एकदा मी मोठ्या सरांच्या खोलीत कागद घेऊन गेले. त्यांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, “काल सोडला तो अपेंडिक्सवाला... टेलर काय म्हणाला?”

“सुबक म्हणाले, सर.”

सरांनी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी ते कुणावरही ओरडले नाहीत.

हे सगळं मजेचं. पण चाचा त्याला मजा समजत नव्हते, हे मला एका सोमवारी कळलं.

अकराचा सुमार होता, बाहेर वीसेक बायका बसलेल्या. चाचा कधी ओपीडीच्या वेळात आत येत नसत. त्या दिवशी पडदा सारून थेट टेबलापाशी आले.

“बाईसाहेब, मघाशी गारगोटीकडच्या सासू-सुना आलत्या. त्यांस्नी काय बोललासा?”

मला आठवलं. लग्नाला तीन वर्षं झालेली विशीतली मुलगी, मूल नाही म्हणून सासू घेऊन आलेली. तपासलं, सगळं ठीक होतं. “गर्भाशय पश्चनत आहे, असं सांगितलं. त्यांना कळेना, म्हणून म्हणाले, उलटं आहे. पण त्यात काही बिघाड नाही, असंही...”

“ते ‘पण’ त्यांनी ऐकलंच न्हाई. उलटं म्हटल्यावर फुडचं कोण ऐकतंय?” चाचांचा आवाज चढला होता. मी तो तसा कधीच ऐकला नव्हता. “नळावर ती सासू काय म्हणाली सांगू? उलट्या हंड्यात पाणी कसं ऱ्हाईल, म्हणाली. सुनंला गडहिंग्लजच्या गाडीत बसवाय गेल्या. पोरीचं म्हायेर हाय तिकडं. कायमची धाडत्या.”

मी पेन खाली ठेवलं. एक शब्द, आणि तोही मी सोपा करून सांगितला म्हणून मनात खूश झाले होते.

“मी चिठ्ठी लिहून देते. पत्र पाठवू.”

“पत्रानं गेलेली सून माघारी येत न्हाई. चला.”

“ओपीडी भरलीय, चाचा!”

ते बाहेर जाऊन बसलेल्या बायकांना म्हणाले, “बाई अर्ध्या तासात येत्यात. तवर कुणी मरू नका.” बायका हसल्या आणि सरकून आरामात बसल्या.

पुण्याची असल्यामुळे एक गोष्ट मला उत्तम येत होती, सायकल. वॉर्डबॉयची सायकल घेतली आणि पांढऱ्या कोटात, साडी सावरत चाचांच्या मागं निघाले. त्यांच्या हँडलला कापडाची एक थैली लटकत होती. रस्त्यातले लोक थांबून बघत होते. एकानं ओरडून विचारलं, “चाचा, कोण गेलं?” चाचा ओरडले, “अजून न्हाई!”

एसटी स्टँडवर गडहिंग्लजची गाडी भरत आली होती. खिडकीपाशी ती मुलगी बसली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. खाली सासू उभी, खिडकीतून केळ्यांचा घड आत देत होती. मला वाटलं होतं, कुणी कजाग बाई असेल. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

“मावशी, दहा मिनिटं द्या,” चाचा म्हणाले.

“आता काय ऐकायचं ऱ्हायलंय? मी काय हौसंनं धाडतो व्हय तिला?” इकडच्या बायका मी जाते, मी येते म्हणत नाहीत, मी जातो, मी येतो म्हणतात. “एकुलता एक ल्योक हाय माझा.”

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. चाचा त्याच्याकडे वळले तसा तो म्हणाला, “आरं, चाचा! माझ्या वडलांच्या चंचीतलं खडं तुमीच दावलंसा की!” चाचांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं एकदा मुलीकडे पाहिलं आणि गाडी हादरेल अशा आवाजात ओरडला, “गडी माणसं समदी खाली! डायवर, तुमी बी उतरा. बायकांचं काम हाय. कुणी काचंतनं बघितलं तर याद राखा!”

धोतर, पायजमे, टोप्या सगळे कुरकुरत खाली उतरले. सासूला मी आत घेतलं. आणि चाचांनी थैलीतून पोपलीनची एक गुलाबी पिशवी काढली, माझ्या हातात ठेवली आणि ते दाराकडे निघाले.

“चाचा, तुम्ही कुठं चाललात?”

“मी बी गडीच की. तुमी सांगा.”

“मला तुमच्यासारखं जमणार नाही.”

“जमंल. चार प्रश्न. ते शुद्ध शब्द तेवढं हितं पायरीवर ठिऊन जावा.” आणि ते उतरले.

पंचवीस-तीस बायका माझ्याकडे बघत होत्या. हातात पेरूएवढी कापडी पिशवी, दोन बाजूंना दोन बाह्या, बाह्यांच्या टोकांना एकेक बटण, तोंडाला नाडी. मी म्हणाले, “ही पिशवी. पोटात खाली राहते. पुढं लघवीची पिशवी, मागं आतडं, हे शेजारी. काम म्हणजे मूल वाढवणं. आता मावशी, हिचं तोंड कुठं आहे?”

“खाली,” सासू म्हणाली.

“सगळ्या बायकांचं तोंड खालीच असतं. तुमचंसुद्धा. मग तुमचाही हंडा उलटाच. तुम्हाला मुलं किती?”

“तीन पोरी, एक पोरगा.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. “मग त्यांतलं सांडलं का एखादं?” मी विचारलं, आणि गाडीभर हशा उसळला. सासूच्याही तोंडाला पदर गेला. मग मला सूर सापडला. नाडी दाखवली, ती नऊ महिने कशी घट्ट राहते ते सांगितलं. “बहुतेकींची पिशवी पुढं कलते. काहींची मागं. कुणी पदर डाव्या खांद्यावर घेतं, कुणी उजव्या. त्यानं काही अडतं का? हिची मागं कलते, एवढंच. दिवस राहिले की बहुधा आपोआप सरळ होते. ‘उलटं’ हा शब्द मी वापरायला नको होता. चूक माझी आहे, हिची नाही.”

सासूनं पिशवी बोटानं दाबून पाहिली. “मग पोर का हुईना?”

“हिच्यात मला दोष सापडला नाही. नवऱ्याला तपासलंय का?”

पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मांडीवर थाप मारली. “बगा की! परत्येक येळंला बाईचीच पिशवी झाडून बघायची. त्याचा खिसा कोण बघणार?”

यावर जो हशा झाला, तो ऐकून बाहेरचे गडी दारावर थापा मारायला लागले.

मुलीनं इतका वेळ वर पाहिलं नव्हतं. आता तिनं हात पुढं केला. “बाई, ती जरा बघू?” तिनं पिशवी ओंजळीत घेतली, पुढं कलवली, मागं कलवली, आणि हसली. “एवढीच असती?”

सासू उठली. तिनं मुलीच्या मांडीवरचं गाठोडं उचलून स्वतःच्या काखेत मारलं. “ऊठ. गारगोटीची गाडी तिकडं लागल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हे दवाखान्यातच असं सांगाय काय झालतं? त्याला धाडतो सोमवारी.”

त्या दोघी उतरल्या, पण मला उतरता येईना. एकीचा गुडघा, दुसरीचा पोटातला गोळा, तिसरीच्या मुलीची पाळी. गडहिंग्लजची गाडी पाऊण तास उशिरा सुटली. खाली चाचा सगळ्या पुरुषांना उभ्याउभ्या हर्निया समजावून देत होते.

दवाखान्यात परतलो. कुणी मेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी नवरा आला. तपासण्यांत छोटासा दोष निघाला, छोटंसं ऑपरेशन लागणार होतं. ऐकूनच तो पांढरा पडला. चाचांनी त्याला लिननरूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. कुठलं कापड काढून काय सांगितलं, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पण तो हसत बाहेर आला आणि सही करून गेला. मोठ्या सरांनी ऑपरेशन केलं. टाके सुबक होते.

दीड वर्षानं त्या मुलीला मुलगी झाली. बाळाला दाखवायला आलेली सासू आधी माझ्याकडे आली नाही, लिननरूमकडे गेली. चाचांच्या बायकोसाठी तिनं हिरवा, लाल काठाचा खण आणला होता. तो मशीनवर ठेवून म्हणाली, “पावणं, ती पिशवी द्या मला.”

चाचांनी शिवलेला एकही अवयव कधी कुणाला दिला नव्हता. “कशाला?”

“आमच्या गावात आणखी दोघी म्हायेरात बसल्यात. ह्याच कारणानं. मी त्यांच्या सासवांस्नी दावतो.”

चाचांनी गुलाबी पिशवी काढली, उलटसुलट पाहिली. दीड वर्षात खूप हातांतून जाऊन ती मळली होती. त्यांनी ती परत ठेवली, खण उलगडला आणि कात्री लावली.

“अवो, आहेर हाय तो!” सासू ओरडली.

“तिला मी दुसरा घेतो. ही मळकी घिऊन गेलासा तर कोण बगणार?” वीस मिनिटांत नवी पिशवी तयार झाली. लाल काठाच्या दोन बाह्या, टोकाला दोन मोत्याची बटणं, तोंडाला रेशमी नाडी. सासूनं ती कमरेच्या पिशवीत नीट खोचली आणि नातीला खांद्यावर घेऊन स्टँडकडं गेली.

त्या दोघींपैकी एक दिवाळीच्या आधीच सासरी परतली. दुसरीनं मात्र माहेरातूनच निरोप धाडला, “माझी पिशवी ब्येस हाय. मी येतो, पर आधी त्याला तपासून आणा.” महिनाभर तिकडं धुसफूस चालली म्हणे. मग एका सोमवारी सकाळी एक ठसठशीत कुंकू लावलेली बाई एका धिप्पाड गड्याला दंडाला धरून माझ्या टेबलासमोर घेऊन आली, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, “ह्यो माझा ल्योक. बगा ह्याला.”